बस्टर कीटन : मूक विनोदपटाचा कारागीर

अमेरिकेतील मूक विनोदपट हा साधारणतः १९१२ ते १९२८ या काळात भरभराटीला आलेला आणि बोलपट रुजताच दोन-तीन वर्षांत मोडीत निघालेला व्यवसाय होता. आज अभ्यासक त्याच्याकडे स्वतंत्र कलाप्रकार म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी तो घडवला त्यांच्या लेखी ती पोटापाण्याची विद्या होती, फिरत्या रंगमंचावर पडत-झडत शिकलेली आणि चार-सहा जाणकारांच्या लहानशा चमूत राबवली जाणारी. चार्ली चॅप्लिन, हॅरॉल्ड लॉइड आणि बस्टर कीटन ही या व्यवसायातील तीन अग्रगण्य नावे. त्यांपैकी चॅप्लिन आणि लॉइड वेळीच आपापल्या चित्रपटांचे मालक झाले, तर कीटन शेवटपर्यंत कारागीरच राहिला. त्याच्या कारकिर्दीचा उत्कर्ष आणि तिची पडझड समजून घ्यायची असेल, तर त्याच्या स्वभावाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, या मालकीच्या प्रश्नाकडे पाहावे लागते.

जोसेफ फ्रँक कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या खेड्यात झाला, तो केवळ त्याचे आईवडील त्या दिवशी तेथे मुक्कामाला होते म्हणून. जो आणि मायरा कीटन हे ‘मेडिसिन शो’मध्ये काम करीत. गावोगाव तंबू ठोकून गाणी, नकला आणि कसरती दाखवायच्या आणि गर्दी जमली की तिच्या गळ्यात कसल्याशा रामबाण औषधाच्या बाटल्या मारायच्या, असा हा धंदा होता. पुढे हॅरी हुडिनी हा विख्यात जादूगार कीटन कुटुंबाच्या सहवासात आला, आणि लहानगा जोसेफ जिन्यावरून गडगडत खाली येऊनही धडधाकट राहिल्याचे पाहून त्यानेच त्याला ‘बस्टर’ हे नाव दिले, अशी कथा कीटन स्वतः सांगत असे. संशोधकांनी या कथेवर शंका घेतली आहे, आणि विनोदी नटांनी स्वतःच्या बालपणाविषयी सांगितलेल्या गोष्टी थोड्या हातचे राखूनच वाचाव्यात हे बरे.

या कुटुंबाचे खरे शिक्षणपीठ म्हणजे व्हॉडव्हिल. एकाच कार्यक्रमात गायक, जादूगार, कसरतपटू, शिकवलेले प्राणी आणि विनोदवीर यांचे दहा-पंधरा मिनिटांचे सुटे खेळ एकापाठोपाठ सादर करणारी ही रंगभूमी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची सर्वांत मोठी करमणूक बनली होती. नाट्यगृहांच्या साखळ्या मोजक्या धनिकांच्या हाती होत्या आणि कलावंत रेल्वेने या शहरातून त्या शहरात वर्षभर फिरत असत. ‘थ्री कीटन्स’ या नावाने गाजलेल्या खेळाचे सूत्र अगदी साधे होते : वात्रट मुलाला बाप शिस्त लावू पाहतो, म्हणजेच त्याला उचलून नेपथ्यावर, वादकांच्या खड्ड्यात, प्रसंगी प्रेक्षकांच्या अंगावरही भिरकावतो. मुलाच्या कोटाच्या पाठीवर पकडायला सोयीची म्हणून बॅगेची मूठ शिवलेली असे आणि जाहिरातीत त्याचे वर्णन ‘कशानेही इजा न होणारा छोटा मुलगा’ असे केले जाई. पडताना अंग कोठे सैल सोडायचे, कोठे आखडायचे आणि जमिनीला आधी कोणता भाग टेकवायचा याचे ज्ञान कीटनला वाचायला येण्यापूर्वीच झाले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. याच काळात त्याच्या ध्यानात आले, की आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात आणि आपला चेहरा मख्ख राहिला की सभागृह डोक्यावर घेतात. ज्याला पुढे ‘ग्रेट स्टोन फेस’, म्हणजे दगडी चेहरा, असे बिरुद मिळाले, त्या मुद्रेचा उगम अशा व्यावहारिक निरीक्षणात आहे. तिच्यामागे खोल विषाद शोधणाऱ्या टीकाकारांनी हा तपशील सहसा नजरेआड केला आहे.

मुलांचा छळ रोखण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली, आणि तिचे संस्थापक एल्ब्रिज गेरी यांच्या नावाने ‘गेरी सोसायटी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था या खेळावर डोळा ठेवून होती. लहान मुलांना रंगमंचावर कसरती करायला लावण्यास कायद्याने मनाई होती. पण मनाई केलेल्या प्रकारांत मुलाला फेकण्याचा उल्लेख नव्हता, आणि जो कीटनने या पळवाटेवर बरीच वर्षे निभावून नेले. अखेर न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्यांना सुमारे दोन वर्षे बंदी सोसावी लागली. पुढे बापाचे दारूचे व्यसन वाढत गेले. एकविशीतल्या मुलाला नशेत फेकणे, आणि नशेतल्या माणसाकडून फेकून घेणे, हे दोघांच्याही जिवावर बेतण्यासारखे होते, आणि १९१७ च्या प्रारंभी मायरा आणि बस्टर यांनी जोला सोडून दिले तेव्हा खेळही संपला.

त्याच वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओत कीटनची गाठ रॉस्को ‘फॅटी’ आर्बकल याच्याशी पडली. आर्बकल हा त्या वेळी चॅप्लिनच्या खालोखाल लोकप्रिय असलेला विनोदी नट होता, आणि त्याचे चित्रपट जोसेफ शेंक हा निर्माता काढीत असे. ‘द बुचर बॉय’ या लघुपटातील एका प्रसंगात कीटनने काम केले आणि पहिल्याच दिवशी तो कॅमेऱ्याच्या प्रेमात पडला. कॅमेरा मागून घेऊन त्याने तो मुक्कामी नेला, त्याचे सगळे भाग सुटे करून पुन्हा जोडले, आणि हे यंत्र काय काय करू शकते याची खातरजमा करून घेतली. ब्रॉडवेवरील एका कार्यक्रमात आठवड्याला २५० डॉलर मिळण्याचा करार त्याच्या हातात होता. तो सोडून त्याने आर्बकलकडे ४० डॉलरवर नोकरी पत्करली. पैशाबाबतची ही बेफिकिरी तेव्हा त्याला फळली. पुढे मात्र तिचीच किंमत त्याला मोजावी लागली. मधल्या काळात सैन्यभरती होऊन तो फ्रान्सला जाऊन आला आणि येताना कानाला काहीसा अधूपणा घेऊन आला.

१९२० साली आर्बकल मोठ्या चित्रपटांकडे वळला तेव्हा शेंकने आपली विनोदपट कंपनी कीटनच्या हवाली केली आणि तिच्यासाठी हॉलिवूडमधील, पूर्वी चॅप्लिन वापरीत असलेला, एक लहान स्टुडिओ घेतला. या जागेत पुढील आठ वर्षांत एकोणीस लघुपट आणि दहा दीर्घ चित्रपट तयार झाले. येथील कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती पुन्हा कोठे फारशी दिसली नाही. पटकथा नावाची वस्तू तेथे लिहिली जात नसे. क्लाइड ब्रकमन, जीन हॅवेझ, जोसेफ मिचेल असे दोन-तीन ‘गॅगमन’ पगारावर असत. ‘गॅग’ म्हणजे हशा मिळवून देणारी, कथेपासून सुटी काढून पारखता येईल अशी दृश्य-युक्ती, आणि अशा युक्त्या सुचवणे हेच या मंडळींचे काम. कथेचा आरंभ आणि शेवट ठरला की मधला भाग आपोआप जमतो, असे कीटन म्हणत असे. चित्रीकरण एखाद्या अडचणीपाशी थबकले तर काम थांबवून सगळे बेसबॉल खेळायला लागत. कुणाला तोडगा सुचला की खेळ तेथेच सोडून पुन्हा कॅमेरा लागे. फ्रेड गॅबुरी हा तंत्रप्रमुख वाफेच्या इंजिनापासून फिरत्या घरापर्यंत मागाल ते बनवून देई, आणि एल्जिन लेसली हा छायालेखक हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घड्याळासारखा चाले.

लेसलीच्या हाताची करामत ‘द प्लेहाउस’ (१९२१) या लघुपटात पाहायला मिळते. त्यातील एका दृश्यात रंगमंचावर नऊ कीटन एकाच वेळी दिसतात. भिंगापुढे उघडझाप होणाऱ्या उभ्या पट्ट्यांची पेटी बसवायची, एक पट्टी उघडून फितीच्या तेवढ्याच भागावर चित्र घ्यायचे, फीत पुन्हा आरंभापर्यंत मागे फिरवायची आणि पुढची पट्टी उघडायची, असे नऊ वेळा केल्यावर ते दृश्य पुरे होई. हँडल फिरवण्याचा वेग एका फेरीत जरी ढळला असता, तरी नऊ जणांच्या हालचाली एकमेकींशी जुळल्या नसत्या आणि सगळे मुसळ केरात गेले असते. (हे दृश्य तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या तत्कालीन ‘मिन्स्ट्रेल’ प्रथेवर आधारलेले आहे. तांत्रिक कौतुक करताना ही बाब झाकून ठेवता येत नाही.) ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) या चित्रपटात तर चित्रपटगृहातील यंत्रचालक झोपेत पडद्यावरच्या चित्रात शिरतो आणि त्याच्याभोवतीचे दृश्य बाग, रस्ता, कडा, वाळवंट, समुद्र असे झरझर पालटत जाते, प्रत्येक नव्या जागी त्याचे शरीर तंतोतंत त्याच ठिकाणी यावे म्हणून भूमापनाची उपकरणे वापरून अंतरे मोजली गेली. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येऊन कीटनची मान रुळावर आपटली. काही दिवस डोके दुखले, काम चालूच राहिले, आणि मानेचे हाड तेव्हा मोडले होते हे कित्येक वर्षांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात उघड झाले.

या व्यवसायात अंतिम शब्द प्रेक्षकाचा असे, आणि तो ऐकण्याची रीत म्हणजे ‘प्रिव्ह्यू’ : तयार होत आलेला चित्रपट एखाद्या उपनगरातील चित्रपटगृहात आगाऊ न कळवता लावायचा आणि हशा कोठे येतो, कोठे विरतो याची नोंद घ्यायची. ‘सेव्हन चान्सेस’च्या (१९२५) अशाच एका खेळात, टेकडी उतरणाऱ्या नायकाच्या पायाने योगायोगाने दोन-तीन धोंडे सुटून त्याच्या मागे घरंगळत आले, तेथे प्रेक्षक अनपेक्षितपणे खदखदून हसले. कीटनने तेवढ्यावरून सूत्र पकडले; कागदाच्या लगद्याचे आणि प्लास्टरचे, मुठीएवढ्यापासून घराएवढ्या आकाराचे शेकडो धोंडे बनवून घेतले आणि उतारावरून त्याचा पाठलाग करणाऱ्या दरडीचे दृश्य नव्याने उभे केले. एरवी सामान्य ठरला असता असा हा चित्रपट आज त्या दरडीसाठी ओळखला जातो.

या पद्धतीचा परमोत्कर्ष आणि तिची अडचण, दोन्ही ‘द जनरल’मध्ये दिसतात. अमेरिकी यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या हेरांनी जॉर्जिया राज्यात ‘जनरल’ नावाचे रेल्वे इंजिन पळवले आणि दक्षिणेच्या गार्डने पायी, मग हातगाडीवर आणि शेवटी दुसरे इंजिन मिळवून त्यांचा पाठलाग केला, या खऱ्या घटनेवर तो बेतला आहे. कीटनने नायक दक्षिणेकडचा केला, कारण हरणाऱ्या बाजूची टिंगल प्रेक्षकांना रुचत नाही, असे त्याचे मत होते. मात्र ज्या गुलामगिरीवरून ते युद्ध पेटले तिचा चित्रपटात मागमूस नाही, आणि आजच्या प्रेक्षकाला ही पोकळी जाणवल्यावाचून राहत नाही. चित्रीकरणासाठी ऑरेगॉन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह हे गाव निवडले गेले. तेथील जंगलांत लाकूडवाहतुकीचे जुन्या धाटणीचे लोहमार्ग होते, आणि १८६० च्या दशकातले वाटावे असे रूप देता येईल अशी इंजिनेही मिळाली. सैनिकांच्या भूमिकेत ऑरेगॉनच्या राज्यसेनेचे शेकडो जवान होते. तेच एका बाजूने निळे आणि दुसऱ्या बाजूने करडे गणवेश चढवून आपल्याशीच लढत. इंजिनांच्या ठिणग्यांनी रान पेटले तेव्हा ती आग विझवायलाही तेच धावले.

चित्रपटातील एक लहानसे दृश्य जवळून पाहण्याजोगे आहे. प्रेयसीने झिडकारलेला नायक इंजिनाची चाके एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर विमनस्क बसतो, इंजिन हलते, दांडा त्याला घेऊन वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि शेडच्या अंधारात शिरता शिरता त्याला आपण हलतो आहोत याचे भान येते. हे दृश्य काही सेकंदांचे आहे. पण वाफेची झडप किंचित अधिक उघडली गेली असती तर चाके जागच्या जागी गरगरली असती आणि दांड्यावरचा माणूस चिरडला गेला असता. म्हणून इंजिनचालकाने वाफ किती सोडायची, याच्या हिशेबावर तो विनोद आणि नटाचा जीव, दोन्ही तोललेले होते. दुसरे टोक म्हणजे २३ जुलै १९२६ रोजी घेतलेला प्रसंग. जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन पुढे नेले गेले, पूल मोडला आणि इंजिन रो नदीच्या पात्रात कोसळले. छोट्या प्रतिकृतीवर भागवण्यास कीटनने नकार दिला होता. या एका दृश्याचा खर्च ४२,००० डॉलर सांगितला जातो आणि मूकपटांच्या काळातील ते सर्वांत महागडे दृश्य मानले जाते. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगाराची गरज पडेपर्यंत नदीतच पडून होते.

१९२७ च्या प्रारंभी न्यूयॉर्कमध्ये झळकलेल्या या चित्रपटाला समीक्षकांनी झोडपले आणि सुमारे साडेसात लाख डॉलर गुंतलेल्या या उद्योगाने अपेक्षित नफा दिला नाही. येथे मालकीचा प्रश्न पुढे येतो. कंपनीला नाव कीटनचे होते, पण तिचे भाग शेंक आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे होते. कीटनला पगार आणि नफ्यातील हिस्सा मिळे, चित्रपटांवर मात्र हक्क नव्हता. त्यातच शेंक हा त्याचा साडूही होता, कारण १९२१ मध्ये कीटनने ज्या नॅटली टालमेजशी विवाह केला तिची बहीण, नामवंत अभिनेत्री नॉर्मा, ही शेंकची पत्नी. घरच्या माणसाकडे कागद मागायचा कसा, हा संकोच पुढे महागात पडला.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) हा स्वतंत्र स्टुडिओचा शेवटचा चित्रपट. त्याचे कथानक मुळात नदीच्या पुरावर संपणार होते. १९२७ च्या मिसिसिपी महापुरात मनुष्यहानी झाल्यामुळे पुराऐवजी वादळ आणावे लागले, आणि त्या वादळात मूकपटाच्या इतिहासातील बहुधा सर्वाधिक चर्चिलेली भिंत पडली. या भिंतीला वंशावळ आहे. आर्बकलबरोबरच्या ‘बॅक स्टेज’मध्ये (१९१९) रंगविलेला नाटकी पडदा त्यातील खिडकीसह खाली येतो, ‘वन वीक’मध्ये (१९२०) लाकडी घराची भिंत, आणि शेवटी दोन टन वजनाची दुमजली दर्शनी बाजू. नायक रस्त्यात भिंतीकडे पाठ करून उभा असतो, भिंत सबंध त्याच्यावर येते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीतून तो तसाच उभा राहतो. खिडकीची चौकट आणि त्याचे खांदे यांत दोन-चार इंचांचेच अंतर ठेवलेले होते, पाय कोठे ठेवायचे ती जागा खिळ्याने निश्चित केलेली होती, आणि चित्रण एकदाच होणे शक्य होते. स्टुडिओ बंद होणार ही बातमी त्याला नुकतीच कळली होती आणि जगण्या-मरण्याची फिकीर नसल्यानेच तो तेथे उभा राहिला, असे पुष्कळांनी लिहिले आहे. तसे असेलही, परंतु नऊ वर्षे एकच युक्ती घासून-पुसून वाढवत नेणाऱ्या माणसाच्या हिशेबाला बेपर्वाई म्हणणे, हे त्या हिशेबावर अन्याय करणारे आहे.

शेंकने कीटनला मेट्रो-गोल्डविन-मायर या बलाढ्य कंपनीकडे सोपवले, जिच्या पालक कंपनीचा अध्यक्ष शेंकचाच भाऊ निकोलस होता. चॅप्लिन आणि लॉइड यांनी तेथे जाऊ नकोस असे बजावले होते. आठवड्याला ३,००० डॉलर पगार मिळाला आणि त्याबरोबर पर्यवेक्षक, मंजूर पटकथा, ठरलेले वेळापत्रक आणि धोकादायक प्रसंगांसाठी बदली नट हेही आले. ‘द कॅमेरामन’ (१९२८) या पहिल्या चित्रपटात कीटनने निर्मितिप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग याला गळ घालून पटकथा बरीचशी बाजूला सारली आणि चित्रपट उत्तम उतरला. त्यानंतर मात्र तशी मोकळीक मिळेनाशी झाली. बोलपटाने कीटनला संपवले हा समज सर्वत्र प्रचलित आहे, पण तो टिकत नाही. रंगमंचावर वाढलेल्या या नटाचा आवाज खणखणीत होता, आणि त्याच्या बोलपटांनी त्याच्या मूकपटांपेक्षा अधिक पैसा मिळवला. इतकेच नव्हे, डबिंगची, म्हणजे एका भाषेतील संवादांवर दुसऱ्या भाषेतील आवाज चढवण्याची, सोय होण्यापूर्वी तेच चित्रपट फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये पुन्हा चित्रित केले जात, तेव्हा कीटनने ते संवाद उच्चार घोकून म्हटले. त्याच्या हातून निसटली ती बेसबॉलच्या मैदानाला जोडलेली कामाची पद्धत. पात्रे बोलू लागली म्हणून नव्हे, तर आधी लिहून मंजूर झालेलेच बोलायचे व करायचे असा नियम झाला म्हणून त्याचा विनोद वाळला.

पुढची सात वर्षे थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. दारू, १९३२ मधील घटस्फोट, मुलांचे आडनावही बदलले जाणे, १९३३ मध्ये कंपनीने केलेली हकालपट्टी, काही काळ रुग्णालयात, दुसरा अल्पायुषी विवाह आणि स्वस्तातले लघुपट. त्यानंतर ज्या कंपनीने काढून टाकले तिच्याकडेच तो आठवड्याला १०० डॉलरवर गॅग सुचवण्याच्या कामाला लागला. मार्क्स बंधू आणि रेड स्केल्टन यांना त्याने पुरवलेल्या युक्त्या पडद्यावर त्याच्या नावावाचून दिसल्या. १९४० मध्ये एलेनर नॉरिस या नर्तकीशी झालेला तिसरा विवाह मात्र अखेरपर्यंत टिकला, आणि त्याच्या सावरण्याचे श्रेय चरित्रकार बहुधा तिलाच देतात.

पुनरागमन आले ते दोन वाटांनी. एक वाट पॅरिसची, जेथे १९४७ पासून सर्कस मेद्रानोमध्ये त्याचे खेळ गाजले. दुसरी छापील शब्दाची. सप्टेंबर १९४९ मध्ये जेम्स एजी या समीक्षकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर प्रदीर्घ लेख लिहून कीटनला चॅप्लिनच्या पंक्तीत बसवले. पण लेख वाचून जागे झालेल्या वाचकाला चित्रपट दाखवायचे कोठून? त्या काळची फीत नायट्रेटची असे, म्हणजे अतिज्वालाग्राही आणि ठेवल्या ठेवल्या कुजणारी, आणि बोलपटांच्या बाजारात जुन्या प्रतींना किंमत नसल्याने कुणी त्या जपल्या नव्हत्या. कीटनने भरभराटीच्या दिवसांत बेव्हर्ली हिल्समध्ये बांधलेला बंगला पुढे जेम्स मेसन या इंग्लिश नटाने विकत घेतला, तेव्हा तेथे त्याच्या चित्रपटांच्या विसरलेल्या प्रती सापडल्या. १९५४ मध्ये रेमंड रोहावर हा चित्रपटगृहचालक पुढे आला, त्याने कुजत चाललेल्या फिती टिकाऊ फितीवर उतरवल्या, हक्कांसाठी कोर्टकज्जे केले आणि हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आणले. रोहावरची वागणूक वादग्रस्त होती आणि त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. तरीही तो नसता तर यांतील किती चित्रपट उरले असते, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांनाही टाळता येत नाही.

१९६० मध्ये कीटनला विशेष ऑस्कर देण्यात आले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्याने सॅम्युएल बेकेट याने लिहिलेल्या ‘फिल्म’ या लघुपटात काम केले, ज्यात जवळजवळ शेवटपर्यंत त्याची केवळ पाठ दिसते. त्या दगडी चेहऱ्याची ख्याती पाहता ही योजना विलक्षण होती, आणि तिचा अर्थ आपल्याला काही कळला नाही, असे कीटन मोकळेपणाने सांगे. १९६५ च्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. १ फेब्रुवारी १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने १९७२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात ‘द जनरल’ जगातील सर्वोत्तम दहा चित्रपटांत आला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेने जतनासाठी निवडलेल्या चित्रपटांच्या पहिल्याच राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश झाला. शेंक, मेट्रो आणि रोहावर यांच्यात ज्यांच्या हक्कांची वाटणी झाली, ते १९२८ पर्यंतचे त्याचे सर्व मूकपट कायद्याची मुदत संपल्यामुळे आज अमेरिकेत कुणाच्याही मालकीचे राहिलेले नाहीत.